किनाऱ्यावरील सहलीचा जमाखर्च

माघ सरत आला की कोकणच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या एका नव्या यात्रेची तयारी शहरांत सुरू होते. या यात्रेत देव नाही, पालखी नाही आणि नवसही नाही. शाळा-महाविद्यालयांच्या, बँका-कचेऱ्यांतील हौशी मंडळांच्या गाड्या मंडणगड, दापोली, गुहागरच्या वाटेला लागतात. कोणी समुद्री कासवाची पिल्ले पाहावयास जातो, कोणी खाडीतले कांदळवन, तर कोणी हातमोजे चढवून किनाऱ्यावरचा कचरा वेचावयास. पंचवीस वर्षांपूर्वी कोकणची सहल म्हणजे देवदर्शन, एखादा किल्ला आणि समुद्रस्नान एवढेच समीकरण होते. त्यात निसर्ग समजून घेण्याचा हेतू शिरला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु समाधान मानून स्वस्थ बसावे, अशी आज परिस्थिती नाही. या सहलींनी किनाऱ्याला काय मिळते आणि किनाऱ्याचे काय जाते, याचा जमाखर्च एकदा मांडावयास हवा. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला ही खोड असतेच. पण या बाबतीत ती अगदीच अनाठायी ठरू नये.

प्रारंभ वेळासपासून करणे क्रमप्राप्त आहे. सावित्रीच्या मुखाजवळ, बाणकोटच्या दक्षिणेला वसलेले हे लहानसे गाव पूर्वी नाना फडणवीसांचे गाव म्हणून ठाऊक होते. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाची पाहणी करीत किनाऱ्याने हिंडत असता, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी उकरून अंडी पळविली जात असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या परिशिष्टात स्थान देऊन पूर्ण संरक्षण दिलेले आहे. पण रात्रीच्या अंधारात, निर्जन वाळूवर, कायद्याचा हात कितीसा पोहोचणार? संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतले. मादीच्या पावलांचा माग ओळखणारी माणसे गावातच होती. त्यांनी पहाटे किनारा पालथा घालावयाचा, अंडी सापडताच ती भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरावयाची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडून द्यावयाची, अशी पद्धत बसली. पुढे पाहुणे येऊ लागले, गावकऱ्यांनी आपल्याच घरांत त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली आणि कासव महोत्सव रूढ झाला.

या घटनेचे वर्णन बहुधा हृदयपरिवर्तनाच्या भाषेत केले जाते. हृदयपरिवर्तनाला कमी लेखण्याचे कारण नाही, तथापि त्यामागचे अर्थकारणही समजून घेतले पाहिजे. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. ज्याला ती सापडत, त्याच्या दृष्टीने ती फुकटची मिळकत होती, आणि आपण सोडली तर दुसरा कोणी नेणार हेही त्याला ठाऊक होते. अशा स्थितीत संयम बाळगणाऱ्याच्या पदरी केवळ तोटा येतो. पाहुणे येऊ लागल्यावर हे गणित उलटले. उकरलेले घरटे एकदाच आणि एकालाच पैसे देते. राखलेले घरटे दर वर्षी आणि अनेक घरांना देते. मुद्दलाला हात न लावता व्याजावर प्रपंच चालविण्याचे शहाणपण गावाला नवे नव्हते. कासवाच्या बाबतीत व्याज मिळण्याची सोय नव्हती, ती या सहलींनी करून दिली.

यातून एक निष्कर्ष निघतो. निसर्गसहलीचे मोल ती कोणाच्या हाती आहे, यावर ठरते. समजा, शहरातील पाहुण्याने गावातल्या घरी मुक्काम करून हजार रुपये दिले. त्यातून गावातलेच तांदूळ, नारळ, मासळी, कोकम विकत घेतले जाते. रांधणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, वाट दाखविणाऱ्या माणसांना काम मिळते. तो पैसा गावातच दोन-चार हात फिरतो. तोच पाहुणा शहरातील एखाद्या आयोजकाकडे सर्व रक्कम भरून आला आणि बाहेरच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या विश्रामगृहात उतरला, तर गावाच्या वाट्याला कचरा, गाड्यांची गर्दी आणि विहिरीतल्या पाण्यावरचा ताण एवढेच उरते. मग घरटे राखण्याची ओढ गावाला का वाटावी?

गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या या किनाऱ्यावर नेल्या. पहिल्या खेपेस संध्याकाळी आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. टोपली उचलून पाहिली, तर खाली नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळीही तोच अनुभव. परतीची गाडी दुपारची होती. मुलांचा हिरमोड झाला, आणि त्यांतील एकाने, "सर, पैसे वाया गेले," असे उघडच म्हणून टाकले. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या काकू ताटे वाढीत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अरे बाळा, पिल्लं वर येतात ती त्यांच्या वेळेनं. तुमच्या गाडीच्या वेळेनं नव्हेत." एवढे बोलून त्या आमटी आणावयास आत गेल्या. त्या वाक्याने जे शिकविले, ते मला वर्गात तासभर बोलूनही शिकविता आले नसते.

कारण ग्राहक म्हणून आलेल्या माणसाला हमी हवी असते. त्याने पैसे मोजलेले असतात आणि त्या पैशांत पिल्लाचे दर्शन अंतर्भूत आहे, अशी त्याची समजूत असते. ही मागणी वाढत गेली की पुरवठा करणाऱ्यावर दडपण येते. पिल्ले बाहेर आली आहेत, पण पाहुणे अजून वाटेत आहेत. थोडा वेळ टोपलीखाली राहू द्यावीत, असा मोह कोणालाही होऊ शकतो. परंतु वाळूतून वर आलेल्या पिल्लाची पहिल्या काही तासांतील शक्ती समुद्रात दूरवर पोहण्यासाठी असते. ती टोपलीत खर्ची पडली तर त्याच्या जगण्याची शक्यता घटते. मुळातच हजार पिल्लांमागे एखादेच मोठे होते, असे मानले जाते. छायाचित्रासाठी रेटारेटी, दिव्यांचा झगमगाट, वाळूवर थेट आणलेल्या मोटारी यांचेही तेच. समुद्राच्या अंगचा मंद उजेड पाहून दिशा धरणारे पिल्लू कृत्रिम दिव्याने भुलते आणि उलट जमिनीकडे चालू लागते. ज्याच्या दर्शनासाठी यात्रा भरली, त्याच्याच मार्गात यात्रेकरू उभे राहावेत, यापरती विसंगती कोणती?

अर्थशास्त्रात या पेचाला जुने नाव आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचे उदाहरण देऊन असे दाखविले की, जे सर्वांचे आहे त्यातून प्रत्येक जण एक गुरू जास्त चारू पाहतो आणि अखेरीस कुरणच नष्ट होते. त्यावर उपाय म्हणून कोणी सरकारी बंदी सुचविली, तर कोणी खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची जंगले, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून तिसरा मार्ग दाखविला. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारी ती पहिली महिला. जेथे वापरणाऱ्यांनी स्वतःच नियम केले, मर्यादा ठरविल्या, एकमेकांवर नजर ठेवली आणि नियम मोडणाऱ्याला योग्य तो दंड केला, तेथे कुरणे शतकानुशतके टिकली, असे तिने दाखवून दिले. कोकणाला हा विचार परका वाटू नये. देवराईतील काटकीही न तोडण्याचा दंडक गावानेच घातलेला होता. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देण्याचा रिवाज कोळी समाजाने पाळला. आज १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी हे त्याच रिवाजाचे शासकीय रूप आहे. मग जो किनारा मासळीसाठी मर्यादा पाळतो, त्याने पाहुण्यांसाठी ती का ठरवू नये?

निसर्गविषयक कार्यक्रमांचा दुसरा प्रकार किनारा-स्वच्छतेचा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ केले जातात. आपल्याकडेही त्या दिवशी फलक लागतात, टोप्या वाटल्या जातात, पाहुण्यांची भाषणे होतात आणि पुढच्या भरतीबरोबर कचरा पुन्हा येतो. हा उपक्रम १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाला, तेव्हा त्याच्या कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट केली होती. उचललेली प्रत्येक वस्तू त्यांनी कार्डावर नोंदविली: बाटल्या किती, दोर किती, पिशव्या किती. उचललेला कचरा नाहीसा होतो, परंतु नोंदलेला कचरा पुरावा म्हणून राहतो आणि तो कोणाच्या दारातून आला, हे विचारता येते. आपण त्यांचा दिवस उचलला. वही मात्र तेथेच राहिली. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात सुरू केलेले काम लक्षात राहते ते त्यातील सातत्यामुळे. आठवड्यामागून आठवडे माणसे येत राहिली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून कासवाची पिल्ले बाहेर पडली. वर्षातून एकदा येणारे हजार हात आणि दर आठवड्याला येणारे वीस हात यांत किनाऱ्याला कोणते हवेत, हे सांगावयास नको.

तिसरा प्रकार अधिक शांत आणि माझ्या मते अधिक मोलाचा आहे. उधाणाच्या ओहोटीला समुद्र दूरवर मागे हटतो आणि खडकांतल्या डबक्यांत एरवी न दिसणारी सृष्टी उघडी पडते. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने एकत्र आलेली मंडळी अशा ओहोटीला हाजी अली, जुहू येथे सामान्य नागरिकांना घेऊन जातात. ज्या शहराने समुद्राला भेळ खाण्याची जागा मानले, त्याच शहराच्या खडकांवर प्रवाळ, समुद्रफुले आणि नाना तऱ्हेच्या गोगलगायी आहेत, हे कित्येकांना त्या भटकंतीत प्रथमच कळले. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांचा प्रश्न उभा राहिला आणि २०२० साली त्यांचे स्थलांतर करण्यात आले. हा उपाय पुरेसा होता का, यावर मतभेद असू शकतात. पण तेथे प्रवाळ आहेत, हे पाहिलेली माणसे शहरात होती, म्हणून निदान प्रश्न तरी विचारला गेला. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवितात. तिवर कोणते, चिप्पी कोणती, मुळे श्वास कशी घेतात, कोळंबीची पिल्ले कोठे वाढतात, हे सांगणाऱ्या त्या स्त्रिया त्याच खाडीच्या काठी राहणाऱ्या आहेत. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. आपल्या पदवीधरांपैकी किती जण तो ओळखतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे सारे मध्यमवर्गाचे मन रमविण्याचे उद्योग आहेत. दोन दिवस पिल्ले पाहून, चार पिशव्या कचरा उचलून आपण शुद्ध झाल्याचे समाधान मिळविण्याचा हा सोपा मार्ग आहे, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. कासवे मरतात ती प्रामुख्याने मासेमारीच्या जाळ्यांत गुदमरून. वाळू तापत गेली तर माद्याच अधिक निपजतात, कारण अंड्यातील जीव नर की मादी हे उष्णतेवर ठरते. आणि तापत्या हवामानावर वेळासच्या ग्रामसभेची सत्ता चालत नाही. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून २०० मीटरऐवजी ५० मीटरवर आणले. त्यातून गावकऱ्याला घर वाढविण्याची सोय होईल हे मान्य. पण बाहेरचा पैसा वाळूच्या उंबरठ्यापर्यंत येण्याची वाटही त्याच सवलतीने मोकळी होते. हे निर्णय सहलीत होत नाहीत.

शिवाय या सहलींच्या चित्रात बहुधा मच्छीमार दिसत नाही. दिसला तर गुन्हेगार म्हणून. हा अन्याय आहे. जाळ्यात कासव सापडले तर ते सोडविण्यासाठी महागाचे जाळे फाडावे लागते. हा भुर्दंड त्याने एकट्याने का सोसावा? महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून अशा नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली, ती या दृष्टीने योग्य दिशेची होती. कासवाचा संबंध दर्यावर्दी माणसाच्या पोटाशी कसा येतो, याचे आणखी एक उदाहरण आहे. कासवांना सुटकेची वाट ठेवणारे साधन ट्रॉलरच्या जाळ्यांना नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ साली भारतीय समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली. म्हणजे कासवाचे मरण शेवटी कोळंबीच्या भावात उतरले. आपल्या सहलींत एक संध्याकाळ मच्छीमारांच्या बंदरावर घालविली, तर मुलांना हा दुवा पुस्तकाविना उमगेल.

तेव्हा आक्षेपातील सत्य मान्य करूनही मी सहलींच्या बाजूनेच मत देईन. त्यांचे खरे उत्पन्न म्हणजे साक्षीदार. ज्याने खाडी पाहिली आहे, तो तिच्यात भराव पडू लागल्यावर हरकतीचे दोन शब्द लिहितो. ज्याने पाहिली नाही, त्याला वर्तमानपत्रातील सूचना कोऱ्या कागदासारखी असते. परंतु साक्षीदार तयार व्हावा अशी इच्छा असेल, तर सहलीची रीत बदलली पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली ही की, एका दिवशी किती पाहुणे यावेत हे ग्रामसभेने ठरवावे, आणि शहरातील मंडळांनी ती संख्या निमूटपणे मानावी. जागा नसेल तर पुढच्या वर्षी जावे. दुसरी, मुक्काम आणि भोजन गावातील घरांतच व्हावे, आणि वाट दाखविणाऱ्याला मानधन द्यावे. त्याचे ज्ञान फुकट घेऊन आयोजकाने शुल्क आकारणे हा शिष्टाचार नव्हे. तिसरी, पिल्ले दिसण्याची हमी कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये.

चौथी सूचना शिक्षक बंधुभगिनींसाठी आहे. दूरची एक सहल कमी करावी आणि जवळच्या एकाच किनाऱ्यावर, एकाच खाडीवर वर्षातून बारा वेळा जावे. जेथे समुद्र नाही तेथे नदीवर जावे. प्रत्येक खेपेस नोंद ठेवावी: भरतीची वेळ, दिसलेले पक्षी, उचललेला कचरा, काठावर नव्याने पडलेला भराव. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीतील पाने त्या नोंदवहीत का जाऊ नयेत? क्षुल्लक वाटणारी नोंद किती दूरवर पोहोचते, याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. ओडिशात २०२१ साली क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा संबंध आहे की नाही, हा विद्वानांचा प्रश्न. त्याला एक भक्कम उत्तर मिळाले ते कोणीतरी पट्टीवरचा आकडा वाचून लिहून घेतला म्हणून.

दुसऱ्या वर्षी मी तुकडी नेली, तेव्हा 'पैसे वाया गेले' म्हणणारा तो विद्यार्थी आपण होऊन पुन्हा आला होता. त्या खेपेस पिल्ले निघाली. सत्तावीस. त्याने ती मोजली, वेळ टिपली, आणि गर्दी दोरीच्या आत येऊ लागताच हात आडवा करून उभा राहिला. छायाचित्र काढावयाचे त्याच्याकडून राहूनच गेले. ज्या वाळूतून मादी जन्मते, त्याच भागाकडे ती वयात आल्यावर अंडी घालावयास परतते, असे शास्त्रज्ञ सांगतात. यात्रेकरूंतील थोडे जरी असे परतून आले, तर किनाऱ्यावरील या सहलींच्या खात्यात खर्च वजा जाता काही शिल्लक राहील.